एका खोलीला तीन तास कशाला?

नमस्कार दादा,

हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या हाउसकीपिंगच्या मुलांचं मी कौतुक केलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "११ ला खोली सोडायला लावता आणि दुसऱ्याला २ शिवाय देत नाही. एक खोली झाडायला तीन तास? ग्लास तर वापरलेल्या टॉवेलनेच पुसतात. वर त्या पोरांचं कौतुक कसलं करता?" पैसे मोजून लॉबीत बॅगांपाशी ताटकळायला कुणालाच आवडणार नाही. तरी कौतुक मागे घेणार नाही.

कारण हिशोब एका खोलीचा नाहीच. वाशीतल्या आमच्या हॉटेलात एका मुलाकडे शिफ्टला १४-१५ खोल्या असतात. गेस्ट राहतोय ती खोली २० मिनिटांत होते. चेकआउटच्या खोलीला पाऊण तास लागतो. पंधरातल्या ८ जरी चेकआउट निघाल्या तरी ६ तास झाले, आणि ते बसवायचे तुमच्या त्या तीन तासांत!

आता पाऊण तास का, तेही सांगते. आधी बेड पूर्ण उघडा करायचा, म्हणजे गादीवर डाग असला तर दिसतो. उशीखाली, ड्रॉवरमध्ये, सेफमध्ये हात घालून बघायचं, गेस्टचं काही राहिलंय का. मग कमोडमध्ये आर-सिक्स, म्हणजे कमोड साफ करायचं लिक्विड, टाकायचं. ते टाकल्याटाकल्या ब्रश मारून उपयोग नसतो, थोडं मुरू द्यावं लागतं. तेवढ्यात बेड बनवून घ्यायचा. बेसिनला, टाइल्सना बाथरूमचं लिक्विड आर-वन, आरशाला काचेचं आर-थ्री. कमोडच्या फडक्याचा रंगच वेगळा, ते बेसिनला लागता कामा नये. शेवटी बाथरूम कोरडं करायचं. नळावर पाण्याचे डाग दिसले तर मी खोली पास करत नाही.

ग्लासचं तुम्ही लिहिलंत ते काही ठिकाणी खरं आहे आणि मला त्याची मनापासून चीड आहे. वापरलेले ग्लास खोलीबाहेर न्यायचे, पॅन्ट्रीत धुवायचे, ही पद्धत. पण माणूस तोच आणि १५ च्या २२ खोल्या झाल्या, की पहिली काट इथेच मारली जाते, कारण ग्लास कशाने चमकला हे गेस्टला दिसत नाही. पूर्वी होते त्या एका हॉटेलात मी हे पाहिलंय. तिथे मुलाला बोल लावण्याआधी त्याला एवढ्या खोल्या कुणी दिल्या, ते विचारा.

आणि काही दिवस तर सगळंच अंगावर येतं. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. अशा रात्री लोक उशिरा परततात, सकाळी उठत नाहीत, ११ ची मुदत १२ च्या पुढे जाते. नव्या बुकिंगचे गेस्ट मात्र २ ला काउंटरवर हजर. त्यात चादरींचे तीन संच असतात, एक बेडवर, एक धुवायला, एक कपाटात. लॉन्ड्री बाहेरची असेल आणि टेम्पो सायन-पनवेल हायवेला अडकला, तर खोली लख्ख असूनही देता येत नाही.

पुढच्या वेळी लवकर पोहोचणार असाल तर आदल्या संध्याकाळी फ्रंट ऑफिसला फोन करून वेळ सांगून ठेवा. सकाळी कुठली खोली आधी घ्यायची, ते आम्ही त्यांच्याच यादीवरून ठरवतो.