कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही

जून महिन्यात शाळा सुरू झाली की पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर नियमावलीची पीडीएफ येऊन पडते. यंदा आमच्या मुलीच्या शाळेने तीत ‘झीरो टॉलरन्स’ असे नवे शीर्षक घातले असून त्याखाली उशिरा येणे, मोबाइल आणणे, गणवेशाशी विसंगत बूट, मारामारी, परवानगीशिवाय औषध बाळगणे आणि धारदार वस्तू हे सारे एकाच रांगेत बसवले आहे. शेवटी ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ गटावर लगेच अंगठ्यांची रांग लागली. शिस्त हवी, याबद्दल माझेही दुमत नाही. माझा आक्षेप फक्त त्या शेवटच्या वाक्याला आहे, आणि तो सविस्तर मांडावा म्हणून ही पोस्ट.

झीरो टॉलरन्स, म्हणजे नियम मोडणाऱ्याला कोणतीही सवलत नाही, हे धोरण ज्या अमेरिकेतून आपल्याकडे आले, तिथे ते मुळात बंदुकांसाठी होते. 1994 च्या संघराज्य कायद्याने असे ठरवले की, केंद्राचा शिक्षणनिधी हवा असलेल्या राज्यांनी शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर ठेवण्याची तरतूद करावी. मात्र प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून ही शिक्षा बदलण्याची मुभा त्याच कायद्याने शालेय प्रशासनाच्या प्रमुखाला ठेवली होती. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही अपवादाची गरज कळत होती. पुढे अनेक शाळांनी ही मुभा बाजूला सारली आणि नियमाची व्याप्ती मात्र अमली पदार्थ, साध्या औषधी गोळ्या, खेळणी, उद्धट बोलणे इथपर्यंत नेली. 1999 मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर तर या कडकपणाविरुद्ध बोलणेच अवघड झाले. त्या भीतीला मी हसणार नाही. तिथल्या पालकांनी जे पाहिले ते आपण पाहिलेले नाही. पण 2013 मध्ये मेरिलँडमधील सात वर्षांच्या एका मुलाने खाऊच्या पेस्ट्रीला चावे घेत बंदुकीसारखा आकार दिला म्हणून त्याला दोन दिवस घरी बसवले गेले, त्यातून कोणाचे संरक्षण झाले?

त्याहून गंभीर उदाहरण ॲरिझोनातील सॅफर्ड या गावचे आहे. 2003 मध्ये तिथल्या आठवीतील तेरा वर्षांच्या मुलीवर दुसऱ्या एका मुलीने वेदनाशामक गोळ्या दिल्याचा आरोप केला. शाळेत विनापरवाना कोणतेही औषध आणण्यास बंदी होती, आणि ती उगाच नव्हती; काही वर्षांपूर्वी औषध घेतल्याने एक विद्यार्थी मरणाच्या दारात जाऊन आला होता. उपमुख्याध्यापकांनी मुलीचे दप्तर तपासले, त्यात काही नव्हते. तिने आरोप नाकारला. तरीही तिला परिचारिकेच्या खोलीत नेऊन कपडे उतरवायला लावले गेले आणि अंतर्वस्त्रे ओढून झाडायला सांगितले गेले. काहीही सापडले नाही. हे सारे होईपर्यंत तिच्या आईला साधा फोनही केला गेला नव्हता. शोध चालला होता तो आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा, ज्या आपल्याकडे पाळीत पोट दुखते म्हणून कितीतरी मुलींच्या कंपासपेटीत असतात. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने ही झडती घटनाबाह्य ठरवली. मात्र त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, या कारणाने संबंधित कर्मचाऱ्यांना वैयक्तिक दायित्वातून मोकळे केले.

हे दूर देशातले म्हणून सोडून द्यावे, तर 2025 च्या जुलैमध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या एका शाळेत, स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे उतरवायला लावून तपासल्याची तक्रार झाली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. तिथे तर कोणता नियम मोडला गेला होता, हेही सांगता येणार नाही.

आपल्या पालकांना सरसकट नियम का आवडतो, हे मला समजते. आपल्या शाळांत ‘परिस्थिती पाहून निर्णय’ याचा अर्थ पुष्कळदा ‘ओळख पाहून निर्णय’ असा होत आला आहे. विश्वस्तांच्या नातवाला दहा मिनिटांचा उशीर माफ आणि रिक्षावाल्याच्या मुलीला तासभर व्हरांड्यात उभे, हे आपण पाहिलेले आहे. म्हणून नियम सर्वांना सारखा असला की न्याय होईल, असे वाटते. पण कोणाचे दप्तर उघडायचे, कोणाचा उशीर वहीत नोंदवायचा आणि कोणाकडे पाहून न पाहिल्यासारखे करायचे, हे फाटकाशी उभा असलेला माणूसच ठरवतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून सांगितले की या धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही, आणि निलंबन व हकालपट्टीचा भार कृष्णवर्णीय मुलांवरच अधिक पडत राहिला. वशिला या नियमाने जात नाही, तो फक्त एक पायरी आधी सरकतो.

यावर उपायही अमेरिकेतलाच जुना आहे. ओहायो राज्यातील निलंबित विद्यार्थ्यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितले होते की, दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनापूर्वीसुद्धा मुलाला आरोप काय आहे हे सांगावे, त्याने तो नाकारला तर पुरावा काय आहे ते सांगावे आणि त्याची बाजू ऐकून घ्यावी. वकील नको, साक्षीदार नकोत, एक संभाषण पुरे. टेक्सस हे काही मवाळ राज्य म्हणून ओळखले जात नाही, पण तिथेही 2009 पासून निलंबन वा हकालपट्टी करताना स्वसंरक्षण, हेतू, पूर्वीची वागणूक आणि अपंगत्व यांचा विचार करणे शाळांना बंधनकारक झाले.

आपल्याकडे 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. अल्पसंख्याक संस्थांना तो लागू नाही, पण ज्यांना लागू आहे त्यांना कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही आणि कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. ‘दाखला हातात देऊ’ अशी धमकी सहावीतल्या मुलाला देणाऱ्यांनी ही दोन कलमे एकदा वाचावीत.

मी शाळेला जे पत्र देणार आहे, त्यात नियम सैल करा अशी मागणी नाही. मोबाइल काढून घ्या, उशिराची नोंद करा. मात्र मुलाला वर्गाबाहेर ठेवण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी त्याचे म्हणणे ऐकावे, त्याने काय सांगितले ते दोन ओळींत लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी पालकांना कळवावे. अंगझडती कोणत्याही कारणाने होऊ नये. साठ मुलांच्या वर्गात एवढा वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही पद्धत रोजच्या बारीकसारीक चुकांसाठी नको, ज्या शिक्षेने मुलाचा तास बुडतो तेवढ्यापुरतीच हवी. आणि दप्तरात खरोखर चाकू निघाला, तर मुलाला त्याच क्षणी वर्गाबाहेर घेऊन जावे. 1975 च्या निकालातही अशा धोक्याच्या प्रसंगी आधी बाहेर काढायला आणि नंतर शक्य तितक्या लवकर ऐकून घ्यायला परवानगी आहे. पत्राचा मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकला आहे. ज्यांना तो पटत नाही, त्यांनी नेमके कोणते कलम पटत नाही ते लिहावे.