‘फुल सर्व्हिस रेकॉर्ड आहे, डोळे झाकून घ्या’ : या सल्ल्यावर चार लाख लावू नका

सेकंड हँड गाडी शोधणाऱ्याच्या मोबाइलवर एक मेसेज कधी ना कधी येऊन पडतोच. त्याचा मथितार्थ असा : मेकॅनिकला सोबत न्यायची गरज नाही. शोरूमचा सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असेल तर मीटर खरा आणि गाडी नॉन-अ‍ॅक्सिडेंट. वॉरंटी शिल्लक असेल तर पुढचा खर्च कंपनीच्या डोक्यावर. बाहेरच्या गॅरेजला एकदा जरी गेली असेल तर वॉरंटी रद्द, अशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. आणि वॉरंटी गाडीची असते, मालकाची नसते, त्यामुळे नाव ट्रान्सफर सवडीने केलं तरी बिघडत नाही.

चार-पाच लाख म्हणजे कितीतरी घरांची अनेक वर्षांची शिल्लक. ती असल्या मेसेजच्या भरवशावर जाताना बघवत नाही, म्हणून यातला एकेक दावा घेतो.

‘रेकॉर्ड पूर्ण, म्हणजे मीटर खरा.’ सगळ्यात घातक दावा हाच. रेकॉर्डमधला किलोमीटरचा आकडा येतो कुठून? गाडी वर्कशॉपला लागली की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर डॅशबोर्डवर दिसतो तो आकडा जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, टाकतो. तो खरा आहे की मागे घेतलेला, हे शोधणं त्याच्या कामात बसत नाही. भाड्याने पळवलेल्या गाडीचा मीटर दर सर्व्हिसच्या आधी मागे घेतला, तर शोरूमच्या कॉम्प्युटरमध्ये खोटाच आकडा रीतसर नोंदला जातो आणि पुढे तोच पुरावा म्हणून दाखवला जातो.

म्हणून रेकॉर्ड नुसता असून भागत नाही, तो वाचावा लागतो. समजा नोंदी अशा आहेत : पहिल्या वर्षी ९,८०० किलोमीटर, दुसऱ्या वर्षी २०,१००, तिसऱ्या वर्षी ३१,४००. मग एकवीस महिने काहीच नाही आणि एकदम ३६,०००. वर्षाला दहा-अकरा हजार चालणारी गाडी पावणेदोन वर्षांत साडेचार हजारच कशी चालली? कारण खरंही असू शकतं. मालकाची बदली झाली असेल, घरात दुसरी गाडी आली असेल. पण ते कारण मालकाच्या तोंडून यायला हवं आणि गाडीच्या अंगावर पटायला हवं. टायरच्या कडेवर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर २८ हजार, आणि चारही टायर २०२३ च्या अखेरचे? चांगले टायर इतक्यात संपत नाहीत, मग चारही का बदलले ते विचारा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगवरची नक्षी उडालीय का, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलीय का, हेही त्याच हिशेबात बघा.

जॉब कार्डवर आणखी एक जागा असते, तिकडे घेणाऱ्याची नजर सहसा जात नाही : वर्कशॉपने सुचवलेली आणि ग्राहकाने नको म्हटलेली कामं. क्लच, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक डिस्क. तीच सूचना दोन-तीन सर्व्हिसना पुन्हा पुन्हा आली असेल, तर ते काम आता तुमच्या पैशाने व्हायचं आहे. सर्व्हिस वेळेवर झाली याचा अर्थ ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलले, एवढाच घ्यायचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर तर अजिबात जाऊ नका. मालकाला त्याच्याच मोबाइलवर कंपनीचं अ‍ॅप उघडून दाखवायला सांगा, नाहीतर त्याला घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि चॅसिस नंबरवरून इतिहास काढा. यात वेळ गेला तर अर्धा दिवस जाईल. खरा मालक त्याला नाही म्हणत नाही.

‘रेकॉर्डमध्ये अपघात नाही, म्हणजे गाडी नॉन-अ‍ॅक्सिडेंट.’ इन्शुरन्सचा क्लेम घेऊन अधिकृत बॉडी शॉपला काम केलं असेल तर त्याची नोंद सापडते. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, जातो, आणि हा बोनस ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. तो वाचवायला कित्येक लोक बाहेर रोख पैसे देऊन डेंटिंग-पेंटिंग करून घेतात. त्यात लबाडी नसते, साधा हिशेब असतो. पण त्या ठोकरीचा कागद कुठेच राहत नाही. बॉनेट उघडा आणि फेंडरचे, बिजागरीचे बोल्ट बघा : पाना लागला की बोल्टच्या कडांवरचा रंग उडतो. दरवाज्यांची रबरं ओढून आतले कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे आहेत का ते पाहा.

आणि पाणी! आपल्याकडे २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चं चिपळूण-महाड असे पूर येऊन गेले, आणि त्यांत बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. धुऊन, आतलं कापड बदलून, दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन विकता येतात. मावसभावासाठी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. आतून चकाचक, सुगंधाची बाटली लावलेली, सर्व्हिस नोंदी बिनचूक. मेकॅनिकने ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. कधीच बाहेर न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. मग सीटखालची पट्टी पाहिली तर तिला गंज, आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला बारीक गाळ. नोंदींत यातलं एक अक्षर नव्हतं, कारण त्या सगळ्या पुराच्या आधीच्या होत्या. ज्या मेकॅनिकला सोबत नेऊ नका असं हा मेसेज सांगतो, त्यानेच ते पैसे वाचवले.

‘वॉरंटी शिल्लक, म्हणजे खर्च कंपनीचा.’ वॉरंटी सुरू होते ती पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवसापासून, आणि वर्षं व किलोमीटर यांतलं जे आधी भरेल तिथे संपते. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी असेल आणि गाडी अडीच वर्षांत लाखावर गेली, तर उरलेल्या सहा महिन्यांना काही अर्थ नाही. मीटर मागे घेण्याचा मोह इथेही होतो, हे लक्षात ठेवा. शिवाय वॉरंटी असते उत्पादनातल्या दोषाला. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब या झिजणाऱ्या वस्तू तिच्यात साधारणपणे येत नाहीत; टायर आणि बॅटरीचा मामला त्या-त्या बनवणाऱ्या कंपनीशी. आणि जुन्या गाडीला खर्च लागतो तो बहुतेक याच वस्तूंना.

इलेक्ट्रिक गाडीत तर ‘वॉरंटी गाडीची, मालकाची नाही’ हे वाक्य सरळसरळ खोटं ठरू शकतं. २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरच्या बॅटरीला आयुष्यभराची वॉरंटी आहे ती पहिल्या मालकाला. गाडी विकली की नव्या मालकाला वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते. विकणारा ‘लाइफटाइम’ म्हणतो तेव्हा कुणाच्या लाइफपर्यंत, हे वॉरंटी पुस्तिकेत बोट ठेवून वाचा.

आता तो बाहेरच्या गॅरेजचा बागुलबुवा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि एकूण सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणं हा त्यातला मुख्य मुद्दा होता. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की ग्राहक बाहेरच्या गॅरेजला गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. हे प्रकरण पुढे अपिलांत गेलं. तरीही बाहेर पंक्चर काढलं किंवा ब्रेक पॅड बदलले म्हणून इंजिनची वॉरंटी गेली, असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

याचा अर्थ वॉरंटीच्या काळात बाहेर काहीही करावं असा नाही. ठरलेली सर्व्हिसच चुकवली असेल, तर इंजिनचा क्लेम नाकारायला कंपनीला भक्कम कारण मिळतं. वायरिंग कापून लावलेले दिवे किंवा बाहेर बसवलेलं सीएनजी किट असेल, तर वाद होणारच. बाहेर बसवलेलं किट आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झाली आहे का, तेही बघा.

पण सात-आठ वर्षांच्या गाडीची वॉरंटी केव्हाच संपलेली असते. तिथे हा प्रश्नच उरत नाही, आणि तरीही लोक चांगल्या गाड्या नाकारतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. सिरोंच्यासारख्या टोकाच्या तालुक्यातल्या माणसाने दर सर्व्हिसला जिल्हे ओलांडून अधिकृत वर्कशॉप गाठावं का? तो गावातल्या मिस्त्रीकडे जातो. त्या मिस्त्रीच्या वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड लिहिलेला असेल आणि ऑइल-फिल्टरची बिलं जपलेली असतील, तर तो रेकॉर्डच आहे. मिस्त्रीला फोन करून विचारा, या गाडीला शेवटचं मोठं काम काय केलं? ज्याने ती गाडी वर्षानुवर्षं हाताळली, तो दोन मिनिटांत सगळं सांगतो.

राहिला ‘नाव ट्रान्सफर सवडीने’ हा सल्ला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ढिलाई दोघांनाही नडते. गाडी अनेक हातांतून पुढे गेली पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं, अशा प्रकरणात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. घेणाऱ्याचं नुकसान इन्शुरन्समध्ये होतं. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, भाग कायद्याने गाडीबरोबर येतो, पण ओन डॅमेज पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. तिथेही १४ दिवसांत अर्ज करायचा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. तेव्हा प्रीमियमचा फरक भावातच धरा.

नवी आरसी हातात आली की तिची प्रत घेऊन अधिकृत वर्कशॉपला जा आणि कंपनीच्या सिस्टीममध्ये चॅसिस नंबरवर मालकाचं नाव बदलून घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर ती तुमच्या नावे झाल्याचं लेखी मागा, काही कंपन्या त्यासाठी अर्ज आणि फी घेतात. त्याच खेपेला एखादा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, बाकी आहे का तेही विचारा. रिकॉलचं काम वॉरंटीत धरलं जात नाही. वॉरंटी संपलेल्या गाडीचंही ते कंपनी फुकट करून देते.