कपाटाची किल्ली कोणाकडे?

आमच्या मुंबईच्या इंजिनियरिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. एक गट म्हणतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकल्सना काही अर्थ उरलेला नाही, पोरं सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात, तेव्हा लॅब बंद करा आणि सगळं सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर घ्या. दुसरा गट म्हणतो, लॅब हवीच, पण पैसा कुठाय? आणि मग ते हमखास वाक्य येतं: "तिकडे जर्मनीत काय बाबा, टेबलागणिक डिजिटल स्कोप!" (स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र.) सिम्युलेटरवाल्यांचा मला फारसा राग येत नाही. या वाक्याचा येतो, कारण मी जर्मनीतल्याच एका लॅबमध्ये असतो आणि ते मला उद्देशून असतं.

तर तिकडचं सांगतो. आमच्या लॅबमधले बरेचसे स्कोप जुनेच आहेत. पाठीवर डीजीयूव्हीचं, म्हणजे विद्युत सुरक्षा तपासणीचं, स्टिकर ताजं असतं, एवढंच. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायचे भोकांचे बोर्ड) लॅमिंग्टन रोडला मिळतात तसलेच, आणि 741 ही ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी आयसी, तर 1968 सालची, जगभर तीच. ॲमीटर सिरीजऐवजी समांतर जोडून फ्यूज उडवण्याची कलाही सगळीकडे सारखीच अवगत आहे. फरक फ्यूज उडाल्यानंतर सुरू होतो. इथे टेबलाच्या खणात फ्यूजची डबी असते. विद्यार्थी मीटर उघडतो, त्याच रेटिंगचा फ्यूज घालतो, वहीत एक रेघ मारतो आणि पुढे जातो. आपल्याकडे तो मीटर 'नॉट वर्किंग'ची चिठ्ठी लावून कपाटात जातो, किंवा कोणीतरी फ्यूजऐवजी तारेची एक पिळी गुंडाळतं आणि पुढच्या वेळी मीटरच जळतो. फ्यूजची डबी घ्यायला कोट्यवधींचं अनुदान लागत नाही.

गोम आहे डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत. स्कोप, सिग्नल जनरेटर, पॉवर सप्लाय त्यात चढले की ज्याच्या सहीने चढले त्याच्या मानेवर बसतात. वस्तू मोडली तर खुलासा द्या, निर्लेखनाचा, म्हणजे ती यादीतून काढण्याचा, प्रस्ताव करा, समितीची वाट बघा. असा माणूस स्वाभाविकपणे काय करेल? कुलूप लावेल. लॅब असिस्टंटची जागा वर्षानुवर्षं भरलेली नसली की किल्लीही प्राध्यापकांच्या खिशात, आणि ते लेक्चरला. मग मुलांसमोर काय ठेवायचं, तर ट्रेनर किट: सर्किट आधीच बोर्डावर छापलेलं, चार पॅचकॉर्ड खोचा, आकडे लिहा, सही घ्या. किट मोडत नाही. त्यातून विद्यार्थ्याच्या हाती काही लागतही नाही, आणि मग ग्रुपवरचे शहाणे म्हणतात की प्रॅक्टिकलला अर्थ नाही. खरंय, त्या प्रॅक्टिकलला नाहीच.

सिम्युलेटरवाल्यांसाठी एक उदाहरण. दोन ट्रान्झिस्टरचा अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर, म्हणजे आपोआप चालू-बंद होत राहणारं सर्किट, सिम्युलेटरमध्ये काढा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या तर तो बहुधा सुरूच होत नाही, मुद्दाम सुरुवातीचं व्होल्टेज द्यावं लागतं. ब्रेडबोर्डावर तेच सर्किट धडाक्यात चालतं, कारण खरे दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. हा धडा पडद्यावर मिळत नाही. जनरेटरवर एक व्होल्ट लावलाय आणि स्कोपवर दोन का दिसतात, हाही नाही. (जनरेटर 50 ओहमचा लोड धरून आकडा दाखवतो, स्कोपचं इनपुट एक मेगाओहमचं.) केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात आयआयटी मुंबईसुद्धा आहे आणि तयारीसाठी ते साधन चांगलं आहे. तयारीसाठी.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती स्कोपच्या प्रोबची (सर्किटला टेकवायच्या तारेची) ग्राउंड क्लिप. नेहमीच्या बेंच स्कोपमध्ये दोन्ही चॅनलच्या क्लिपा आतून एकच असतात आणि अर्थिंगला जोडलेल्या असतात. विद्यार्थ्याला ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर पिनला जोडलेल्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघायचं असतं, म्हणून तो एक क्लिप ग्राउंडला लावतो आणि दुसरी थेट कलेक्टरला. कलेक्टर शॉर्ट. आउटपुट शून्य. यावर आपल्याकडे रूढ झालेला भयंकर उपाय म्हणजे स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणे. त्याने शॉर्ट जातच नाही, कारण क्लिपा आत जोडलेल्याच आहेत. वर स्कोपच्या धातूच्या अंगावर करंट येण्याची सोय मात्र होते. योग्य रीत अशी: दोन्ही क्लिपा ग्राउंडला, प्रोबची दोन टोकं रेझिस्टरच्या दोन बाजूंना, आणि स्कोपच्या मॅथ मेनूत पहिल्यातून दुसरा चॅनल वजा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते शिकवायला टेबलाजवळ माणूस उभा लागतो.

तो माणूस इथे बहुधा हिवी असतो, तासावर पैसे घेणारा विद्यार्थी. आंटेस्टाट, म्हणजे प्रयोगाआधीची छोटी चाचणी, घेतो, तयारी नसेल तर सरळ घरी पाठवतो. आणि हे हिवी कोण? त्यांत ठाण्या-डोंबिवलीची पोरं असतात हो! मुंबईत ज्यांना कपाटाला हात लावू दिला नाही, ती इथे मास्टर्सला आली की त्यांच्या हातात अख्ख्या लॅबची किल्ली असते. मोडतोड होते. कोणी त्यांचा खुलासा मागत नाही.

वीस जणांच्या बॅचला, दोघांना एक टेबल धरून, ऑपॅम्पच्या प्रयोगाला लागतं तरी किती? दहा 741 आणि वर पाच सुट्या. एक, दहा आणि शंभर किलोओहमचे रेझिस्टर, प्रत्येकी शंभराचं एक पाकीट. शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरडचे चाळीस सिरॅमिक कपॅसिटर, प्रत्येक सप्लाय पिनपाशी एक आणि बाकी सुटे. सिंगल स्ट्रँड वायरचं एक रीळ, मल्टीस्ट्रँड अजिबात नको, तिचे धागे भोकात तुटून राहतात. 1एन4007 डायोडची जाड टोकं ब्रेडबोर्डात कोंबू नयेत, आतली पट्टी सैल होते आणि मग तिथे बारीक रेझिस्टर कधीच नीट बसत नाही. सप्लाय जोडण्याआधी करंट लिमिट 50 मिलिॲम्पिअरवर आणावी. 741 ला दोनेक मिलिॲम्पिअर पुरतात, त्यामुळे पिन चार आणि सात उलट लागल्या तरी आयसी वाचण्याची शक्यता बरीच वाढते. ही अख्खी खरेदी कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या सामानात, बसते, डेड स्टॉकमध्ये नाही. वर्षाच्या सुरुवातीला एकदाच तीन कोटेशनं मागवली की झालं. दर प्रयोगाला नवी मंजुरी मागत बसलात तर लॅब सप्टेंबरात सुरू होईल.

पावसाळ्याचं मात्र इथल्यांना सांगून कळत नाही. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत ब्रेडबोर्डचे आणि बीएनसीचे (स्कोपची केबल जोडायच्या सॉकेटचे) संपर्क काळवंडतात, आणि बंद कपाट त्याला औषध नाही. बोर्ड सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावेत, सप्लाय आणि जनरेटर पंधरवड्यातून एकदा तासभर चालू करावेत. नुसतेच पडून राहिले तर त्यांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू कमकुवत होतात. जपून ठेवलेलं यंत्र वापरलेल्या यंत्राच्या आधी मरतं, हे रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहायचं?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं की उत्तर तयार असतं: तिथे बसून बोलणं सोपं आहे. सोपंच आहे. गंमत अशी की इथल्या बैठकीत कोणी जुन्या स्कोपबद्दल कुरकुरलं की मी मुंबईचा वकील होतो, आम्ही यापेक्षा कमी सामानात शिकलो म्हणून ठणकावतो. ग्रुपवर गेलो की जर्मनीचा वकील. दोन्हीकडे मला कोणी वकीलपत्र दिलेलं नाही, आणि दोन्हीकडे मी ज्यांच्या बाजूने बोलतो ते समोर नसतात. फेराबेंडनंतर, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर, रिकाम्या लॅबमध्ये मुंबईच्या वादाला उत्तरं टाइप करणारा माणूस नक्की कुठल्या लॅबचा, हे मलाही सांगता येणार नाही.

पण प्रश्न विचारायचा हक्क मी सोडणार नाही. पैसा नाही म्हणणाऱ्यांनी पुढच्या वेळी स्कोपची किंमत टाकू नये. गेल्या सत्रात किती फ्यूज घेतले, किती प्रोब बदलले, रिकामी लॅब असिस्टंटची जागा कधीपासून रिकामी आहे आणि त्यासाठी शेवटचं पत्र कोणी लिहिलं, तेवढं टाकावं.