सेवाभावी क्लबाला भेट देताना घ्यावयाची काळजी

खानदेशातील एखाद्या तालुक्याच्या गावी सेवाभावी क्लबाच्या सभेचे निमंत्रण आपणास आले, तर सर्वप्रथम तारीख पाहावी. रोटरी असो वा लायन्स, दोहोंचे वर्ष १ जुलैला सुरू होते, आणि नव्या अध्यक्षांचे पदग्रहण आटोपले की पहिला उपक्रम वृक्षारोपणाचा असतो. तो चुकवू नये. त्यासाठी नवा खड्डा खणावा लागत नाही. मावळत्या अध्यक्षांनी गतवर्षी जेथे कडुनिंब लावला होता, ती जागा मे महिन्याच्या ४५ अंशांनी आधीच मोकळी करून ठेवलेली असते.

सभेस वेळेवर पोहोचण्याची चूक करू नये, अन्यथा खुर्च्या मांडाव्या लागतात. तेथे कोणास नुसत्या नावाने संबोधू नये. ज्यांना बाजारपेठ तीन पिढ्या शेठ म्हणत आली, ते कोठे रोटेरियन असतात, तर कोठे लायन. रोटेरियनांच्या सौभाग्यवतींस ॲन म्हणण्याचाही प्रघात आहे, मग त्यांचे माहेर पारोळ्याचे का असेना. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने एक कोळसा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांना जमवून बैठक घेतली. पुढील बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, म्हणून त्या फिरत्या मंडळाचे नाव रोटरी पडले. आपल्याकडे सभा सहसा एकाच हॉटेलच्या हॉलमध्ये भरते; शाल आणि नारळ तेवढे फिरते राहिले आहेत.

खरी सेवा पाहावयाची असेल, तर फळवाटपास जावे. मी एकदा गेलो होतो. क्लबाचे नाव सांगत नाही, कारण पुन्हा बोलावतील अशी आशा आहे. दवाखान्यातील पुरुषांच्या वॉर्डात चाळीस खाटा होत्या आणि प्रत्येक रुग्णास दोन केळी द्यावयाची होती. आधी बॅनर लागला. मग एकेका केळ्यास सहा-सात पदाधिकाऱ्यांचे हात लागले, कारण ज्याचा हात केळ्यास नाही तो फोटोत नाही. तिसऱ्या खाटेवरील गृहस्थाच्या पायास प्लास्टर होते. केळे हातात घेताच त्याने ते उलटसुलट करून पाहिले, देठाशी नखाने टोकरले आणि ‘दोन दिवस आधीच कापलंय, भाऊ’ असे शांतपणे सांगितले. तो रावेरकडे केळीचे घड कापणारा मजूर होता आणि घड खांद्यावर घेऊन येतानाच सरीत घसरून पडला होता. जळगावच्या ज्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची ओळख तिच्याच मजुरास करून देण्याचे हे कार्य किती दूरदृष्टीचे! छायाचित्रकाराने मात्र त्यास ‘जरा हसा की’ असे तीनदा सांगितले.

सभेत मागच्या रांगेत, पंख्यापासून दूर, एखादे वयोवृद्ध सदस्य बसलेले दिसतील. त्यांच्याशी बोलणे शक्यतो टाळावे. रोटरीने १९८५ साली जगभरातून पोलिओ हटविण्याचा संकल्प सोडला, त्या मोहिमेत हे गृहस्थ लसीचा थंड डबा मांडीवर घेऊन, जीपमधून सातपुड्यातील पाड्यांवर गेलेले असतात. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यास आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, हे ते तारखांसह सांगतील. परंतु त्या पाड्यांवरील एकही फोटो त्यांच्याजवळ नसेल. अशा माणसाचा सत्कार करावयाचा झाल्यास बॅनरवर छापायचे काय, हा क्लबापुढील प्रश्न आपणही समजून घ्यावा.

त्यानंतर सचिव अहवाल वाचतात. आमच्या त्या फळवाटपाच्या अहवालात लाभार्थींची संख्या ऐंशी होती. खाटा चाळीस असताना ऐंशी कसे, असे मी शेजारच्या सदस्यास हळूच विचारले, तेव्हा प्रत्येकास दोन केळी दिली होती ना, असे त्यांनी माझ्या मंद बुद्धीची कीव करीत समजावले. शेवभाजी-भाकरीचे जेवण होऊन मी निघालो, तेव्हा दाराशी उरलेल्या केळ्यांची पाटी होती आणि पाहुणे म्हणून मलाही आग्रहाने दोन केळी देण्यात आली. आपणही ती घ्यावीत, नाही म्हणू नये. पुढच्या अहवालात मी ब्याऐंशी हा आकडा पाहिला आहे.