खुलासा : १६०० मीटरचा दम जन्मजातच असतो का?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या विदर्भातल्या पोट्ट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : दम रक्तातच असतो, ज्याच्यात नाही त्यानं भरतीतल्या मुलांच्या १६०० मीटर धावण्याच्या नादी लागू नये. हे चूक आहे.

नियमित धावल्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, प्राणवायू वापरायची ताकद वाढते. काही आठवड्यांत फरक जाणवतो. कुणाचा दम लवकर वाढतो, कुणाचा उशिरा, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे खरंच. पण पहिल्या दिवशी कोण मागे राहिलं, यावरून पुढे त्याची वाढ किती होईल हे ठरत नाही. १०० मीटर धावण्याच्या वेगात मात्र स्नायूंच्या जन्मजात घडणीचा वाटा मोठा.

राग याचा येतो, की दिवसभर कापूस वेचून पहाटे पांदणीनं धावणारी एखादी पोरगी हा मेसेज वाचून भरतीतल्या मुलींच्या ८०० मीटर धावण्याचा सराव सोडेल. सोडू नकोस, बाई. रोज जीव तोडून धावायचं नसतं. बहुतेक दिवस बोलता येईल इतक्याच वेगानं, आठवड्यातून एक-दोनदा जोरात. उन्हाळ्यात पहाटेच, शरीराला उष्णतेची सवय व्हायला १ ते २ आठवडे लागतात.