३५ पैकी ३१, म्हणून मुलगी बरी?

गेल्या आठवड्यात हा मेसेज आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, मग कॉलेजच्या स्टाफच्या. मजकूर थोडक्यात असा: जेवण टाकणाऱ्या, जेवून ओकणाऱ्या मुलींना आजारबिजार काही नसतो, देवानं दिलेल्या शरीराची त्यांना किंमत नसते. खाली 'शरीराच्या कार्यक्षमतेबद्दल कृतज्ञता' मोजणारी सात वाक्यं. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्या. बेरीज २८ च्या वर गेली तर मुलगी ठणठणीत. कमी भरली तर रोज सकाळी आरशासमोर उभं राहून हातापायांचे आभार माना.

सगळंच खोटं असतं तर डिलीट करून कामाला लागले असते. पण मोजपट्टी खरी आहे. संशोधक जेसिका अलेवा आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. शरीर दिसतं कसं हे बाजूला ठेवून, ते जे जे करतं त्याची माणसाला कदर किती, एवढंच ती विचारते. आणि त्यात गुणांची सरासरी काढतात, पास-नापास नसतं. २८ ची रेघ कुणी ओढली देव जाणे.

आधी 'किंमत नाही' हा आरोप. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहाएक महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वखुशीनं आलेले, निवडून घेतलेले. त्यांना दिवसरात्र अन्नच दिसू लागलं, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, चिडायचे, खचायचे. ते काय कृतघ्न होते? उपासमार डोक्यातही शिरते.

'बारीक दिसत नाही, पाळी चालू आहे, मग कसला आजार?' हेही मेसेजमध्ये होतं. खाऊन ओकणाऱ्या कितीतरी जणींचं वजन चारचौघींसारखंच असतं, आणि वारंवार ओकल्यानं पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. पाळी थांबण्याची अट तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्येच अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे उपाशी राहण्याच्या आजाराच्या, निदानाच्या निकषांतून काढून टाकली.

आता गुणांकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे.

माझी भाची. तिला विचारूनच लिहिते आहे. आजार भरात असताना ती दादरला उतरली की सरकता जिना सोडून पुलाच्या पायऱ्या चढायची, मोजत. डब्यातली पोळी फलाटावरच्या कुत्र्याला. "मावशी, बघ ना, सकाळपासून काही न खाता मी एवढं चालते!" हे ती अभिमानानं सांगायची. 'माझं शरीर जे करू शकतं त्याची मला कदर आहे' या वाक्याला तिनं तेव्हा छातीठोक पाच दिले असते. उपचार सुरू होऊन आठ महिने झाले, नाडी सुधारली, दोन वेळा जेवू लागली, तेव्हा मी तिच्यापुढे त्या सात वाक्यांचा कागद ठेवला. त्याच वाक्याला तिनं दोन दिले. म्हणाली, "पोट जड वाटतं, दम लागतो. खोटं कशाला लिहू?" तिचे ते दोन मला त्या पाचांपेक्षा शंभरपट बरे वाटले.

त्यात 'कार्यक्षमता' या शब्दानं घोळ घातलाय. मराठीत हा शब्द ऐकला की बाईला काम आठवतं: ७.५२ ची लोकल धरली, तीन डबे भरले, सासूबाईंना दवाखान्यात नेलं. मग 'अंग चालतंय' म्हणून पाच. मूळ कल्पनेत जखम भरणं, गाढ झोप लागणं, पहिल्या पावसाचा वास येणं, कुणाला तरी मिठी मारणं, गुणगुणणं हे सगळं येतं. राबणं हा त्यातला एक कोपरा. भाषांतर नुसतं करून भागत नाही. आजारी बायकांनाही ती सात वाक्यं इतरांसारखीच कळतात का, हे आधी तपासावं लागतं. नाहीतर एकीचं माप शेरात, दुसरीचं किलोत, आणि आपण आकडे शेजारी मांडून बसतो.

राहिला आरसा. अलेवांच्याच २०१५ च्या प्रयोगात बायकांनी आपलं शरीर काय काय करतं यावर लिहिलं होतं, तीन वेळा, दरवेळी पंधरा मिनिटं. त्या आपल्या शरीरावर नाराज असलेल्या बायका होत्या, आजाराचं निदान झालेल्या रुग्ण नव्हेत. आणि त्यात आरसा कुठेच नव्हता. जी मुलगी दिवसातून वीसदा गळ्याजवळची हाडं चाचपून बघते, तिला आणखी एकदा आरशापुढे उभं करायचं?

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले. मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा वेगळा मेसेज: "आमच्या नातीचे ३१ आलेत, म्हणजे काळजी नाही ना गं?"

"गुण राहू द्या काकू, रात्री ती जेवते का?" असं लिहून पाठवलं. निळ्या खुणा झाल्या, उत्तर येईना. मी चपला घालून खाली उतरले.