भाडं उशिरा आलं म्हणून मॅनेजरने वीज तोडली, तर उत्तर मालकालाच द्यावं लागतं

‘घरमालकांनो, नवे भाडे नियम वाचले का?’ असं विचारणारा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या आत्याला तो तिच्या फ्लॅटचं बघणाऱ्या मॅनेजरनेच पाठवला. खाली त्याची पुरवणी होती, ‘काकू, या महिन्यापासून असंच करू, तुम्ही फक्त हो म्हणा.’ आत्या हो म्हणायच्या बेतात होती. तिचा भाडेकरू नोकरी करणारा साधा मुलगा आहे. पाच तारखेचं भाडं त्याने सातला भरलं, एवढाच त्याचा गुन्हा.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. केंद्राच्या नव्या कायद्याने, करारात लिहिलेलं नसलं तरी, भाडं चुकल्यास रोज ५०० रुपये दंड लावता येतो. महिना उलटला की भाडं दुप्पट. तरीही पैसे आले नाहीत तर मॅनेजरने वीज-पाणी तोडावं, कुलूप लावावं. हे मॅनेजर करत असल्याने मालक नामानिराळा राहतो. शिवाय पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो, डिपॉझिटमधून हवं ते कापता येतं, आणि वसूल झालेली लेट फी रीतीप्रमाणे मॅनेजरची.

आधी तो ‘नवा कायदा’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली, तो हा. तो नमुना आहे. घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यांचा विषय असल्यामुळे राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्यातलं एक अक्षरही लागू होत नाही. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो. आणि त्या नमुन्यातसुद्धा रोजचे ५०० रुपये कुठेही नाहीत. उशिराच्या व्याजाचा उल्लेख आहे, तोही ‘करारात ठरलं असेल त्याप्रमाणे’ असा. म्हणजे करारात नाही तर लेट फी नाही, इतकं ते सरळ आहे.

बरं, करारात ५०० रुपये लिहिले म्हणून काम झालं का? वीस हजार भाड्याच्या घराला रोज ५०० म्हणजे महिन्याला १५,००० रुपये. वर्षाच्या हिशोबाने हा दर ९०० टक्क्यांच्या वर जातो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा ठरते. कोर्ट तिच्या आत वाजवी भरपाईच देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. वाजवी म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर महाराष्ट्राच्या कायद्याचं कलम १५ पाहा. थकबाकीचा दावा कोर्टात गेल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकलेली रक्कम वर्षाला १५ टक्के सरळव्याजाने भरली, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. वीस हजारांवर पंधरा टक्के म्हणजे महिन्याला २५० रुपये. कुठे २५० आणि कुठे १५,०००! कलम १५ भाडेकरूसाठी आहे, लिव्ह अँड लायसन्सवाल्यासाठी (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची नुसती परवानगी मिळालेल्यासाठी) नाही, हे मान्य. पण वाजवी व्याज कशाला म्हणायचं हे त्यातून कळतं.

दुप्पट भाड्याच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावरही माणूस घर सोडत नसेल, तर त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. आदर्श कायद्यातही मुदतीनंतर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट आहे. पण ते घर अडवून बसणाऱ्यासाठी. मुदत चालू असताना भाडं उशिरा देणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता तो मुद्दा, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. ‘मॅनेजर करेल, मालक नामानिराळा.’ हे ज्याने लिहिलं त्याने महाराष्ट्राच्या कायद्याचं कलम २९ उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की मालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या कोणाही मार्फत, योग्य कारणाशिवाय भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडता किंवा अडवता कामा नये. त्यात वीज, पाणी, जिन्यावरचा दिवा, लिफ्ट, सफाई हे सगळं येतं. ‘त्याच्या वतीने वागणारा’ म्हणजे दुसरा कोण? मॅनेजरच! ज्या आदर्श कायद्याच्या नावाने हा मेसेज फिरतोय, त्यात तर मालकाच्या जोडीला मॅनेजरचं नाव घेऊन हीच मनाई केली आहे. करार कायद्यातही मालकाने दिलेल्या अधिकारात एजंटने केलेलं काम मालकाने स्वतः केल्यासारखंच धरलं जातं. आत्याने व्हॉट्सॲपवर ‘हो’ लिहिलं असतं, तर तो अधिकार तिने लेखी दिला असता.

इथे कोणी म्हणेल, आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, कलम २९ भाडेकरूचं. ठीक आहे. पण लायसन्सची मुदत संपल्यावरसुद्धा कायदा मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायला लावतो, दाराला कुलूप ठोकायला सांगत नाही. मग मुदत चालू असताना दोन दिवसांच्या उशिरासाठी कुलूप ठोकायची मुभा कुठून येणार? त्या मुलाचं सामान आत, तो बाहेर, उन्हाळ्याचे दिवस, पाणी बंद. हा प्रकार पोलीस ठाण्यात गेला तर तक्रारीत फ्लॅटच्या मालकिणीचं नाव येईल, आणि ती सत्तरीची आहे. मॅनेजर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मालकाचं काम बघायला मोकळा.

‘लेट फी मॅनेजरची’ हे वाक्य मेसेजच्या शेवटी हळूच घातलेलं आहे, आणि मला वाटतं सगळा मेसेज त्याच्यासाठीच लिहिला गेला. मालकाच्या नावाने आलेला पैसा, आपला ठरलेला मेहनताना आणि खर्च वजा करून, मालकाला द्यायला एजंट बांधील असतो; करार कायद्याचं कलम २१८. मागितल्यावर हिशोब द्यायलाही तो बांधील असतो. लेट फीत मॅनेजरचा वाटा हवा असेल तर तो मालकाशी केलेल्या करारात लिहावा लागतो, आणि माझं मत विचाराल तर लिहूच नये. ज्याला उशिराचे पैसे मिळतात, तो चार तारखेला आठवणीचा फोन कशाला करील? नीट काम करणारा मॅनेजर तारखेच्या आधी आठवण करतो, करारातल्या सवलतीच्या दिवसांनंतर लेखी कळवतो, फी लावली तर महिन्याच्या हिशोबात ती वेगळ्या ओळीत दाखवतो. आणि ती माफ करायची की नाही, हे मालकाला विचारतो. आत्याच्या हिशोबात अशी ओळ कधी आलेलीच नाही. मागच्या वर्षी त्या मुलाने एकदा लेट फी भरली होती, हे तिला त्याच्याकडूनच कळलं.

पोलिसांचं म्हणाल तर, नुसतं भाडं न देणं हा फौजदारी गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये एका प्रकरणात एफआयआर रद्द करताना सांगितलं आहे. थकबाकीसाठी दिवाणी मार्ग आहे.

डिपॉझिटमधून आपोआप कपात करायची, तर तीही करारात असावी लागते. असली तरी रक्कम आणि कारण त्याच महिन्यात भाडेकरूला लेखी कळवावं. मॅनेजर सहसा घर सोडायच्या दिवशी ही कपात पुढे करतो. मग अकरा महिन्यांपूर्वीच्या दोन दिवसांवरून भांडण होतं, आणि बाकीचं डिपॉझिट परत करायचं असतं मालकाला.